मिठाच्या वाटेने

फ्रान्स देशाच्या नकाशावर अगदी दक्षिणेला भूमध्य समुद्राचा निळा पट्टा दिसतो. आल्प्स पर्वतात उगम पावलेली ऱ्होन नदी उत्तरेकडून वाहत येऊन या समुद्राला मिळते. मुखाजवळ नदीला दोन फाटे फुटतात आणि त्यांच्या मध्ये त्रिकोणी आकाराचा, सखल व पाणथळ असा एक प्रदेश तयार झाला आहे. त्याला कामार्ग म्हणतात. या कामार्गच्या आसपास मार्सेल, आर्ल, नीम आणि एग-मोर्त अशी चार गावे आहेत. २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यात आम्ही चार मित्रांनी ही चार गावे पाहिली. "माणसे चार, गावे चार, हिशेबाला सोपे," असे आमच्यापैकी बँकेत जन्म घालवलेले मित्र निघतानाच म्हणाले होते.

आम्ही चौघे घाटावरच्या एका लहानशा गावात एकाच वर्गात शिकलो. पुढे एक मित्र पाणीपुरवठ्याच्या कामावर अभियंता झाले, एक बँकेत गेले, मी शिक्षक झालो. चौथे मित्र मूळचे मालवणचे. त्यांचे वडील कोकणातून सुकी मासळी आणून आमच्या गावच्या आठवड्याच्या बाजारात विकत असत. हे मित्र मोठेपणी मालवणला परत गेले व होड्यांची इंजिने दुरुस्त करण्याच्या व्यवसायात त्यांनी नाव मिळवले. साठी उलटल्यावर चौघांनाही एकदमच सवड सापडली.

प्रवासाचे हेतू दोनच होते: जुन्या इमारती पाहाव्यात आणि त्या त्या गावचे खाणे चाखावे. परंतु नीम शहरात एका ताटाने आम्हांला प्रश्न घातला आणि पुढचा प्रवास त्या प्रश्नाच्या मागोमाग झाला. तो प्रश्न कोणता व त्याचे उत्तर कोठे सापडले, ते या पाठात सांगावयाचे आहे.

आरंभ मार्सेलपासून करू. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाइया या ग्रीक नगरातून आलेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी हे शहर वसवले. त्याचे जुने बंदर आजही शहराच्या मधोमध आहे. मराठी माणसाला मात्र मार्सेल हे नाव निराळ्याच कारणाने ठाऊक असते. विनायक दामोदर सावरकर यांना 'मोरिया' या आगबोटीतून कैदी म्हणून हिंदुस्थानात आणले जात असताना, ८ जुलै १९१० रोजी त्यांनी याच शहराच्या बंदरात बोटीच्या गोल गवाक्षातून समुद्रात उडी घेतली आणि पोहत किनारा गाठला. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पकडून पुन्हा बोटीवर चढवण्यात आले. दुसऱ्या देशाच्या भूमीवरून कैद्याला असे उचलून नेता येते काय, हा वाद हेग येथील लवाद न्यायालयापर्यंत गेला, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी त्याचा निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. धक्क्यावर उभे राहून आम्ही चौघेही काही वेळ पाण्याकडे पाहत राहिलो. कोणी काही बोलले नाही.

जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी ताज्या मासळीचा बाजार भरतो. विकणाऱ्यांची भाषा आम्हांला कळत नव्हती, पण भाव करण्याचा सूर ओळखीचा होता. या शहराचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे बुइयाबेस नावाचे माशांचे कालवण. आज त्यासाठी चांगलेच दाम मोजावे लागतात. परंतु तो मुळात श्रीमंतांचा पदार्थ नव्हे. जाळ्यात आलेले चांगले मासे विकून झाले की काटेरी, ओबडधोबड, खडकांत राहणारे मासे उरत. त्यांना गिऱ्हाईक नसे. कोळी ते समुद्राच्या पाण्यातच किनाऱ्यावर शिजवीत. पुढे त्यात कांदा, लसूण, टोमॅटो, ऑलिव्हचे तेल, बडीशेपेच्या जातीची एक वनस्पती आणि केशर पडू लागले, आणि उरल्यासुरल्याचे पक्वान्न झाले. आता तर त्याची पत राखावी म्हणून मार्सेलच्या काही उपाहारगृहांनी १९८० साली एक करारनामाच केला आहे. कोणते मासे घालावेत आणि पानात कसे वाढावे, हे त्यात नमूद आहे.

बँकेचे मित्र व मी मासे खात नाही. आमची सोय पानिस नावाच्या पदार्थाने झाली. हरभऱ्याच्या डाळीसारख्या पिठाचे दाट पिठले शिजवून ते थापतात, थंड झाले की कापतात आणि तळतात. पहिला घास घेताच बँकेचे मित्र उद्गारले, "ही तर आपली पाटवडी!" ते फारसे चुकले नव्हते. फरक इतकाच की तिच्यावर ना खोबरे, ना कोथिंबीर.

मालवणच्या मित्रांनी तारलीसारख्या लहान माशांचा तळलेला पुडा घेतला. तो घेऊन ते धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि एकटेच पायरीवर बसून खाऊन आले. खाताना त्यांना एकांत लागतो, असे मी इतकी वर्षे समजत आलो होतो.

आर्ल हे गाव ऱ्होन नदीला फाटे फुटतात तेथेच वसले आहे. तेथे इ. स. ९० च्या सुमारास रोमन लोकांनी बांधलेले, सुमारे २०,००० प्रेक्षक बसतील एवढे रंगमंडळ आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा डच चित्रकार १८८८ च्या फेब्रुवारीपासून १८८९ च्या मेपर्यंत या गावात राहिला, आणि एवढ्या अल्प काळात त्याने येथे सुमारे तीनशे चित्रे व रेखाटने केली. हे सर्व आम्ही पाहिले. परंतु मला अधिक आठवतो तो शनिवारचा बाजार. तेथे ऑलिव्हच्या बरण्यांशेजारी तांबड्या तांदळाची पोती उघडी ठेवलेली होती. फ्रान्समध्ये भात!

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कामार्गची जमीन समुद्राच्या सान्निध्यामुळे खारट झालेली आहे. तेथे ऱ्होनचे गोडे पाणी खेचून आणून शेतात उभे ठेवले की जमिनीतील मीठ खाली दाबले जाते आणि पीक घेता येते. पाण्यात उभे राहून वाढणारे पीक म्हणजे भात. कोकणातील खारभूमीतही बांध घालून समुद्र अडवतात आणि पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन भात पिकवतात, हे मालवणच्या मित्रांनी लगेच सांगितले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्सने आपल्या ताब्यातील इंडोचायनातून, म्हणजे मुख्यतः आजच्या व्हिएतनाममधून, सक्तीने मजूर आणले होते. त्यांतल्या काहींना कामार्गमध्ये भाताच्या शेतावर राबवण्यात आले. कामार्गची आजची भातशेती उभी राहिली, तीत त्यांच्या घामाचा वाटा मोठा आहे. तांदळाच्या पोत्यावर अर्थातच तसे काही लिहिलेले नसते.

आर्लहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आसपास नीम येते. नावावरून कडुलिंबाची आठवण होते. परंतु गावाचा त्या झाडाशी काहीही संबंध नाही. नीममध्ये रोमन काळातील रंगमंडळ आहे आणि मेझाँ कारे नावाचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे देवालय आहे. त्याचा समावेश २०२३ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. खांब इतके नीटस की कालच उभारले असावेत असे वाटते. मुले हल्ली ज्या जाड निळ्या कापडाच्या विजारी घालतात, त्या 'डेनिम' कापडाचे नावही 'द नीम', म्हणजे 'नीमचे', यावरून आले असे मानतात. तशाच दुसऱ्या एका जाड कापडाला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात, ते मात्र आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. दोन बंधू दोन देशांत जन्मले म्हणावयाचे.

दुपारी आम्ही बाजारापाशी एका लहान खाणावळीत बसलो. अभियंता मित्रांनी निघण्यापूर्वी दोन वर्षे फ्रेंच भाषेचा अभ्यास केला होता. त्यामुळे मागणी करण्याचे काम त्यांच्याकडे असे. त्यांनी आपल्यासाठी व मालवणच्या मित्रांसाठी नीमचा मानाचा पदार्थ मागवला. त्याचे नाव ब्रांदाद. पांढरा, लोण्याहून थोडा दाट, शेजारी भाजलेल्या पावाचे तुकडे आणि काळे ऑलिव्ह. मालवणच्या मित्रांनी एक घास घेतला. मग चमचा खाली ठेवला, थोडा वेळ थांबले आणि हळूच म्हणाले, "अरे, हा खारा आहे."

मीठ जास्त झाले, असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. कोकणात 'खारा' म्हणजे मिठात मुरवून सुकवलेला मासा. अभियंता मित्रांनी मालकांना विचारले. त्या वृद्ध गृहस्थांचा चेहरा खुलला. ते आत गेले आणि दोन्ही हातांवर आडवा धरून एक सबंध मासा घेऊन आले. तो फळीसारखा ताठ होता, पोटातून चिरून पंख्यासारखा उघडलेला, आणि त्यावर मिठाचा पांढरा थर. मालवणच्या मित्रांनी तो उलटापालटा करून पाहिला, कडेला नख लावून पाहिले आणि मान डोलावली. दोघांनाही एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. परंतु त्या माशाविषयी त्यांचे बोलणे बराच वेळ चालले.

मालकांनी कृती सांगितली ती अशी. मासा एक-दोन दिवस पाण्यात भिजत ठेवायचा आणि पाणी वरचेवर बदलायचे, म्हणजे मीठ उतरते. मग तो मंद आचेवर नरम करून, कोमट ऑलिव्हचे तेल व दूध थोडेथोडे घालीत, न थांबता घोटायचा. ब्रांदाद हे नावच 'ढवळणे' अशा अर्थाच्या तेथील जुन्या शब्दावरून आले आहे. बटाटा घातलेला ब्रांदाद पुष्कळ ठिकाणी मिळतो. पण नीमचे लोक त्याला खरा ब्रांदाद मानीत नाहीत.

मग अभियंता मित्रांनी नकाशा उघडला आणि प्रश्न विचारला. नीमपासून समुद्र सुमारे ४० किलोमीटर दूर. शिवाय हा मासा कॉड जातीचा. तो अटलांटिक महासागराच्या उत्तरेकडील थंड पाण्यात राहतो. भूमध्य समुद्रात तो सापडतच नाही. ज्या गावाला समुद्र नाही आणि ज्याच्या जवळच्या समुद्रात हा मासा नाही, त्या गावाचा मानाचा पदार्थ या माशाचा कसा?

उत्तराकडे वळण्यापूर्वी मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही सहावीत असताना मी वर्गनायक होतो. मधल्या सुट्टीत मालवणचे मित्र डबा उघडत, त्यात पुष्कळदा भाकरी आणि खारा बांगडा असे. मुले नाके दाबून उठत. एके दिवशी मी, वर्गनायक या नात्याने, त्यांना व्हरांड्याच्या टोकाला जाऊन खाण्यास फर्मावले. ते मुकाट्याने गेले. दुसऱ्या दिवशी कोणी सांगितले नाही तरी गेले, आणि शाळा संपेपर्यंत तेथेच जेवत राहिले. ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. नीमच्या त्या मालकांना सुका मासा ओंजळीत धरून, एखादा जुना दागिना दाखवावा तसा दाखवताना पाहिले, आणि ती आठवली. मार्सेलच्या धक्क्यावरील ती पायरीही आठवली. मी त्या वेळी काही बोललो नाही.

आता प्रश्नाकडे वळू. मासा पाण्याबाहेर काढला की लवकर नासतो, कारण त्याच्या मांसात पाणी पुष्कळ असते आणि त्या ओलाव्यात सूक्ष्म जंतू झपाट्याने वाढतात. मिठाचा गुण असा की ते पाणी ओढून घेते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. माशाला मीठ चोळले की त्याच्यातील पाणी तसेच निघून जाते, आणि जंतूंच्या अंगातले पाणीही मीठ शोषून घेते. त्यामुळे ते वाढू शकत नाहीत. कॉड माशात चरबी अत्यंत कमी असते, म्हणून तो खारवण्यास विशेष चांगला. चरबी असली की ती हवेने खवट होते. खारवलेला कॉड कित्येक महिने टिकतो.

सोळाव्या शतकापासून फ्रान्सचे कोळी अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेजवळील न्यूफाउंडलंड बेटाकडे कॉड पकडण्यासाठी जाऊ लागले. तेथे मासा अमाप होता. परंतु तो घरापर्यंत न्यावयाचा तर मीठ हवे. इकडे फ्रान्समध्ये मागणीही होती. ख्रिस्ती धर्मातील रोमन कॅथलिक पंथाचे लोक शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य करीत, मासा मात्र चाले. समुद्रापासून दूर राहणाऱ्या गरिबाला ताजा मासा कोठून मिळणार? त्याला खारवलेला कॉड परवडे. हा मासा मार्सेलच्या बंदरात मोठ्या प्रमाणावर उतरत असे. आणि नीमचे लोक असे सांगतात की, ते कोळी मिठासाठी जवळच्या एग-मोर्त गावी येत आणि मिठाच्या बदल्यात मासा देत. ऑलिव्हचे तेल नीमच्या आसपास पिकतच होते. दूरच्या समुद्राचा मासा, जवळच्या समुद्राचे मीठ आणि घरचे तेल असे तिन्ही एका उखळात आले.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. न्यूफाउंडलंडचा अमाप वाटणारा कॉडही अखेर माणसाच्या हावेला पुरला नाही. मोठमोठ्या जहाजांनी तो इतका उपसला की १९९२ साली कॅनडाच्या सरकारला तेथील कॉडच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घालावी लागली. हजारो कोळ्यांचा धंदा एका दिवसात बुडाला, आणि ती बंदी तीस वर्षांहून अधिक काळ चालली. मालवणचे मित्र हे ऐकून म्हणाले, "आमच्याकडेही मोठ्या जाळ्यांचे ट्रॉलर आल्यापासून हेच रडगाणे आहे."

दुसऱ्या दिवशी अभियंता मित्रांच्या हट्टाखातर आम्ही पाँ द्यू गार पाहण्यास गेलो. गार नदीवरून पाणी पलीकडे नेण्यासाठी रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात बांधलेला हा तीन मजली कमानींचा पूल सुमारे ४९ मीटर उंच आहे. ज्या कालव्याचा तो भाग, तो कालवा सुमारे ५० किलोमीटर लांब. आणि एवढ्या लांबीत त्याचा उतार साधारण १२ मीटरांचाच. किलोमीटरमागे हिशेब केला तर पाव मीटर भरतो! अभियंता मित्र तेथून हलावयास तयार नव्हते. "आमच्या काळी संगणक असूनही एवढा उतार साधताना आमची तारांबळ उडे," ते पुन्हा पुन्हा म्हणत. आम्हां इतर तिघांना मात्र मिठाच्या गावी जाण्याची घाई झाली होती.

एग-मोर्त या नावाचा अर्थ 'मेलेली पाणी', म्हणजे साचून राहिलेली पाणी. नीमहून लहान आगगाडी दलदलीतून, वेताच्या बनांतून आणि पांढऱ्या घोड्यांच्या कुरणांतून तेथे जाते. फ्रान्सचा राजा नववा लुई याला भूमध्य समुद्रावर स्वतःचे बंदर हवे होते, म्हणून त्याने तेराव्या शतकात हे गाव उभारले. १२४८ आणि १२७० या दोन्ही वर्षी तो येथूनच धर्मयुद्धांसाठी निघाला. दुसऱ्या वेळी तो परत आला नाही. त्याच्या वंशजांनी बांधलेला तट आजही पूर्ण आहे. परंतु गाळाने बंदर भरत गेले, समुद्र दूर राहिला आणि जहाजांचे दिवस संपले. राहिले ते मीठ.

तटावर चढले की दक्षिणेकडे मिठागरे दिसतात, आणि प्रथम आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. कारण पाणी गुलाबी असते. अतिशय खाऱ्या पाण्यात वाढणारे एक सूक्ष्म शेवाळ कडक उन्हापासून बचाव करण्यासाठी तांबूस रंगद्रव्य तयार करते. ते शेवाळ बारीक कोळंबीसारखे जीव खातात, त्या जीवांना रोहित पक्षी खातात, आणि तोच रंग पक्ष्यांच्या पिसांत उतरतो. उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी पाहिलेल्या मुलांना त्यांच्या पंखांचा रंग आठवत असेल.

मीठ तयार होण्याची रीत सोपी आहे, पण सबुरीची आहे. भूमध्य समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३८ ग्रॅम क्षार असतात. वसंत ऋतूत हे पाणी उथळ, विस्तीर्ण वाफ्यांत घेतात आणि एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे महिनोन्‌महिने फिरवत नेतात. ऊन असतेच, शिवाय ऱ्होनच्या खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा कोरडा, सोसाट्याचा वारा येतो आणि पाणी झपाट्याने आटते. वाटेत चुना व जिप्सम यांसारखे पदार्थ आधी तळाशी बसतात. लिटरमागे मीठ साधारण २६० ग्रॅम झाले की पाण्याला ते पेलवत नाही आणि त्याचे स्फटिक बनू लागतात. शेवटी उरलेल्या पाण्यात कडू क्षार असतात. ते काढून टाकतात, नाही तर मीठ कडवट होईल. ऑगस्टच्या अखेरीपासून मीठ खरवडून त्याच्या टेकड्या रचतात. शरद ऋतूचा पाऊस पडण्याआधी हे काम उरकावे लागते. वारा शांत असलेल्या दिवशी पाण्याच्या पृष्ठभागावर मिठाची नाजूक साय धरते. ती माणसे हातांनी, फावड्यासारख्या रुंद अवजाराने अलगद उचलतात. तिला 'मिठाचे फूल' म्हणतात आणि ती फार महाग विकली जाते. बाकीचे मीठ यंत्रे काढतात.

यंत्रे नव्हती तेव्हा हे काम माणसे करीत, आणि ते फार कष्टाचे होते. डोळे दिपवणारे ऊन, पायांना मिठाने पडणाऱ्या चिरा, आणि मजुरी कामाच्या मोजमापावर. कापणीच्या दिवसांत इटलीतून हंगामी मजूर येत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच व इटालियन मजुरांत कामावरून भांडण झाले, खोट्या अफवा पसरल्या आणि जमावाने निःशस्त्र इटालियन मजुरांची शिकार करावी तशी हत्या केली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा आठ आहे. पुढे खटला भरला; परंतु सर्व आरोपी निर्दोष सुटले. आज पर्यटकांच्या छोट्या गाडीतून फिरताना त्या वाफ्यांकडे पाहिले की मन बेचैन होते.

मिठावर राजांचाही डोळा असे. फ्रान्समध्ये 'गाबेल' नावाचा मिठाचा कर होता. काही प्रांतांत तर प्रत्येकाने वर्षाला ठरावीक मीठ सरकारी कोठारातूनच घेतले पाहिजे, अशी सक्ती होती. चोरून मीठ नेणाऱ्याला वल्ह्यांच्या जहाजावर गुलामासारखे राबावे लागे. क्रांतीनंतर १७९० साली हा कर रद्द झाला. पण १८०६ मध्ये नेपोलियनने तो पुन्हा बसवला. हे ऐकताना १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर झालेल्या सत्याग्रहाची आठवण होणे साहजिक होते. मालवणच्या मित्रांना ती मिठागरे परिचयाची; त्यांनी तेथील मिठाचा रंग आणि येथील मिठाचा रंग यांतला फरकही सांगितला.

गावाच्या एका कोपऱ्यात काँस्टान्स नावाचा प्रचंड बुरूज आहे. भिंतींची जाडी सुमारे सहा मीटर. १६८५ साली चौदाव्या लुई राजाने प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, आणि पुढे या बुरुजात त्या पंथाच्या स्त्रियांना डांबण्यात येऊ लागले. मारी द्युरां ही मुलगी १७३० साली, एकोणीस वर्षांची असताना, येथे आणली गेली. 'माझा पंथ सोडला' एवढे म्हटले असते तर तिची सुटका झाली असती. ते तिने म्हटले नाही. ती सुटली १७६८ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी. बुरुजाच्या वरच्या खोलीत मध्यभागी असलेल्या गोल झरोक्याच्या दगडी काठावर एक शब्द कोरलेला आहे. त्याचा अर्थ 'प्रतिकार करा'. तो तिनेच कोरला, अशी परंपरा आहे. अक्षरांत चूक आहे. चाळीस वर्षे वह्या तपासलेला मी, पण ती चूक सुधारावी असे मला वाटले नाही.

सायंकाळी आम्ही एग-मोर्तच्या स्थानकावर परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो. बँकेच्या मित्रांनी व मी या गावची गोड फुगास घेतली होती. हा संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेला, साखर पेरलेला मऊ पाव. मालवणच्या मित्रांच्या पिशवीत मिठाचा एक मोठा पुडा होता, आणि नीमहून आणलेली ब्रांदादची बाटली. त्यांनी बाटलीचे झाकण सैल केले, पावाचा तुकडा घेतला आणि उठून फलाटाच्या टोकाशी असलेल्या बाकाकडे चालू लागले.

"तिकडे कुठे चाललास?" मी विचारले.

"वास येईल तुम्हांला," ते मागे वळून म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"येऊ दे," मी म्हणालो.

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्या बाकावर जाऊन बसले. मी फुगासची पुडी उचलली आणि त्यांच्यामागून गेलो. इतर दोघेही, का म्हणून न विचारता, आपापल्या पिशव्या घेऊन आले. बाक तिघांचा होता. मालवणच्या मित्रांनी मिठाचा पुडा उचलून मांडीवर घेतला आणि थोडे सरकून जागा केली. गाडीला अजून वीस मिनिटे अवकाश होता.